तार टोकाला तुटते: शिडाच्या होडीच्या डागडुजीचे प्रश्न

नारळी पौर्णिमा उलटली की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवरच्या ताडपत्र्या निघू लागतात. मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा चालतो. त्यामुळे डोलकाठी, तारा आणि शिडे निवांत तपासायला हेच दिवस मिळतात. या वेळच्या पत्रांत तारांचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत आणि ते योग्यच आहे. डोलकाठी सहसा स्वतःच्या दोषाने पडत नाही. तिला धरून ठेवणाऱ्या एखाद्या लहान भागाने दगा दिला की ती पडते, आणि तो भाग बहुधा नजरेआड असतो.

प्रश्न: माझी २६ फुटी फायबरची होडी आहे. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या तारा ५ मिमी स्टेनलेसच्या, १२ वर्षांपूर्वीच्या आहेत. खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या टर्मिनलमधून, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या जोडातून, तांबूस ओघळ येतात. पुसले की जातात, महिन्याभरात परत दिसतात. तार मात्र चकचकीत आहे. बदलायलाच हवी का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर: हो, बदला. एकच नको, सगळ्या बदला. चकचकीत तारेवरून काहीच ठरत नाही. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. खालच्या टर्मिनलचे तोंड वर असते. पावसाचे आणि लाटांचे पाणी तारेवरून ओघळत त्यात उतरते. पाणी वाळते, मीठ तिथेच राहते. आत हवा खेळत नाही, म्हणून तो थर तुटतो आणि गंज आतून सुरू होतो. वरच्या टर्मिनलचे तोंड खाली असल्याने ते निथळते. एकाच तारेचे वरचे टोक नव्यासारखे आणि खालचे कुजलेले, हे म्हणूनच नेहमी दिसते.

एकदा पुसल्यावर न परतणारा तांबूस डाग म्हणजे नुसता वरवरचा मळ. तोंडातून पुन्हापुन्हा ओघळ येत असेल तर आत काम चालू आहे असे समजा. टर्मिनल गोड्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि भिंगातून पाहा. उभी, केसासारखी भेग शोधायची. शंका राहिली तर वेल्डिंगच्या कामात वापरतात तो डीपी टेस्टचा (रंगाने भेग शोधायचा) तीन डब्यांचा संच आणा. आधी क्लीनर, मग लाल रंग. १० ते १५ मिनिटे थांबून रंग फडक्याने पुसून काढा. क्लीनर फडक्यावर घ्यायचा, टर्मिनलवर थेट फवारायचा नाही, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तारेवरून सुती फडकेही फिरवा. एखादा तुटलेला धागा असेल तर फडके अडकते. तारेतल्या १९ धाग्यांपैकी एक जरी तुटला असेल तरी ती तार बाद.

खाऱ्या, उष्ण हवेत अशा तारांचे आयुष्य ८ ते १० वर्षे धरावे असे आमचे मत आहे. तुमच्या १२ वर्षे झालेल्या आहेत आणि खूणही दिसते आहे. बदलेपर्यंत होडी बाहेर काढू नका.

नवी तार घेताना १×१९ घडणीची (१९ धाग्यांचा एकच पीळ) आणि ३१६ दर्जाचीच घ्या. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअर बाजारात ७×१९ची लवचीक तार सहज मिळते, पण ती ताणाखाली जास्त लांबते. ती डोलकाठी धरायला कामाची नाही. ३०४ आणि ३१६ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि लोहचुंबकानेही कळत नाही, कारण ओढून काढलेली तार दोन्ही दर्जांत थोडीफार चिकटते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. त्यासाठी दुकानदाराकडे टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते देता येत नसेल तर दुसरे दुकान पाहा.

दाबून टर्मिनल बसवणारे यंत्र जवळपास नसेल तर पान्याने बसणारी टर्मिनल घ्या. स्टालॉक आणि नॉर्समन या पद्धतींची मिळतात. निदान खालच्या टोकाला तरी तीच असावीत, कारण ती उघडून आत पाहता येते. बसवण्याची रीत अशी. तारेवर घट्ट टेप गुंडाळून बारीक दातांच्या हॅक्सॉने काटकोनात कापा. आधी टर्मिनलचे खालचे नळकांडे तारेवर ओवा. हे विसरले की सगळे पुन्हा करावे लागते. बाहेरचे १२ धागे उलगडा. मधल्या ७ धाग्यांवर शंकू असा सरकवा की मधल्या धाग्यांचे टोक त्याच्या वर दीड-दोन मिमी उरेल. नेमके माप टर्मिनलसोबतच्या कागदावर असते, तेच पाळा. मग बाहेरचे धागे मूळ पिळाच्या दिशेने, सारख्या अंतरावर परत बसवा. शंकूला उभी चीर असते, तिच्यात एकही धागा जाता कामा नये. गेला तर शंकू आवळत नाही आणि तार पुढे निसटते. एकदा घट्ट करा, पुन्हा उघडा, धागे टोकाला सारखे वळलेत का पाहा. मग आत सीलंट भरा, आट्यांना थ्रेडलॉकर लावा आणि शेवटचे आवळा. नळकांड्याच्या तोंडातून सीलंट बाहेर आला म्हणजे आत पाण्याला जागा उरली नाही. टर्मिनल पुन्हा वापरता येते, शंकू मात्र दर वेळी नवा.

डोलकाठी उभी ठेवूनही एकेक तार बदलता येते. त्या बाजूला हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) डेकच्या कडेला ताणून बांधा आणि मगच जुनी तार सोडा. जुनीची लांबी एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत, तार ताणून मोजा. डावी आणि उजवी वेगळी मोजा, काही मिलिमीटरचा फरक निघतो.

प्रश्न: तारा किती ताणायच्या? ताण मोजायचे यंत्र नाही. सगळे हाताने दाबून अंदाज घेतात आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा.
— एक वाचक, पणजी

उत्तर: यंत्र नसले तरी चालते. २ मीटरची सरळ पट्टी आणि मिलिमीटरचे माप पुरे. १×१९ची तार तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताणली की २ मीटरमागे १ मिमी लांबते. हे गणित तार जाड असो वा बारीक, तेच राहते.

आधी डोलकाठी सरळ उभी आहे का पाहा. मुख्य शिडाचे हॅलयार्ड एका बाजूच्या चेनप्लेटपर्यंत (तार होडीच्या अंगाला जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यापर्यंत) आणून दोरावर खूण करा, मग तीच खूण दुसऱ्या बाजूला जुळते का पाहा. पाण्यात डुलणाऱ्या होडीवर ओळंब्याचा उपयोग नाही, हॅलयार्डच खरे सांगते. माथ्यापर्यंत जाणाऱ्या तारा हाताने आवळून फक्त ढिलाई काढा. आता पट्टीचे वरचे टोक टेपने तारेला पक्के बांधा. खालचे टोक मोकळे ठेवा आणि ते जिथे येते तिथे तारेवर बारीक खूण करा. टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) फिरवा: डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा. तार लांबते तशी खूण पट्टीच्या टोकापासून खाली सरकते. ३ मिमी सरकली की १५ टक्के ताण आला. ५ मिमी तारेची तुटण्याची ताकद १.८ टनांच्या आसपास असते, म्हणजे हा ताण साधारण पावणेतीनशे किलोंचा झाला. एक जोडी स्प्रेडर (बाजूच्या तारा डोलकाठीपासून दूर धरणारे दांडे) असलेल्या, माथ्यापर्यंत फोरस्टे (पुढची तार) जाणाऱ्या २६ फुटी होडीवर बाजूच्या वरच्या तारांना १५ ते २० टक्के ठीक. २५च्या वर जाऊ नका. तिथून पुढे होडीचे अंगच वाकायला लागते.

खालच्या तारा, म्हणजे डोलकाठीच्या मधल्या भागाला लागणाऱ्या, नंतर. डोलकाठीच्या मागच्या खाचेला डोळा लावून वर बघा. मधला भाग किंचित पुढे झुकलेला चालतो, मागे झुकलेला अजिबात नाही. बाजूला तर कुठेच बाक नको. स्प्रेडरचे टोक थोडे वर उचललेले असावे, म्हणजे त्यावरून जाणाऱ्या तारेच्या वरच्या आणि खालच्या भागाशी त्याचा कोन सारखा होतो. आडवा किंवा खाली पडलेला स्प्रेडर भाराखाली सरकतो आणि डोलकाठी मधेच दुमडते.

शेवटची परीक्षा पाण्यात. १०-१२ नॉटच्या वाऱ्यात, वाऱ्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन होडी २० अंशांपर्यंत कलू द्या. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार ताण हरवून लोंबकळत हलत असेल तर ताण कमी आहे. त्या ढिल्या बाजूला काही फेरे आवळा, होडी वळवा, दुसऱ्या बाजूला तेवढेच फेरे द्या. फेरे कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: टर्नबकल अर्ध्यावर अडकला. पान्याने जोर लावला तर आटेच खरडले गेले. स्टेनलेस असूनही असे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: स्टेनलेस असल्यामुळेच. स्टेनलेसवर स्टेनलेस भाराखाली घासले की दोन्ही पृष्ठे एकमेकांत रुततात आणि चिकटतात. वाळूचा एक कण पुरतो. अडकल्यावर जोर लावाल तेवढे ते अधिक रुतते. आता तो कापूनच काढावा लागेल. पुढच्या वेळी आटे ब्रशने स्वच्छ करा, लॅनोलिनचे ग्रीस लावा, तारेवरचा ताण शक्य तितका उतरवून हळूहळू फिरवा. नवा घेताना कांस्याचा घ्या, वरून क्रोम असला तरी चालेल. दोन वेगळे धातू एकमेकांत असे अडकत नाहीत.

जाता जाता स्प्लिट पिनचे, म्हणजे मुख्य पिन निसटू नये म्हणून घालतात त्या दोन पायांच्या पिनचे, सांगून टाकू. तिचे पाय पूर्ण मागे वळवून गुंडाळायचे नाहीत. २० अंशांपर्यंत उघडले की पिन निघत नाही, आणि गरज पडली तर पक्कडीने एका झटक्यात काढता येते. पायांची लांबी मुख्य पिनच्या जाडीच्या दीडपट पुरते. टोके कानशीने घासून वर टेप लावा, नाहीतर शीड त्यावर फाटते. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरू नका.

प्रश्न: आमच्या क्लबच्या लहान होडीचे हॅलयार्ड बदलताना नवा दोर डोलकाठीच्या आतच सुटला. आता दोर आत कसा घालायचा?
— एक वाचक, पुणे (खडकवासला)

उत्तर: सायकलच्या जुन्या चेनचा वीतभर तुकडा आणि एक चांगला लोहचुंबक घ्या. डोलकाठी दोन घोड्यांवर आडवी ठेवा, माथ्याकडचे टोक थोडे उंच. चेनला बारीक नायलॉनची दोरी बांधून ती वरच्या कप्पीवरून आत सोडा. डोलकाठी ॲल्युमिनियमची, चेन पोलादाची. त्यामुळे बाहेरून चुंबक फिरवला की चेन आतून मागोमाग येते. बाहेर पडायच्या भोकाशी आली की वाकवलेल्या तारेच्या आकड्याने ओढून घ्या. आत दुसरे दोर असतील तर आधी ते घट्ट ताणून बांधा, नाहीतर नवा दोर त्यांना वेढा घालून बसेल आणि शीड चढवताना कळेल.

दोर सुटला तो जोड कच्चा होता म्हणून. जुन्या आणि नव्या दोराची टोके एकावर एक ठेवायची नाहीत, समोरासमोर टेकवायची. दाभणाने आरपार चार-पाच टाके घालून दोन्ही शिवा. वरून टेप जोडाच्या दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटरपर्यंत निमुळता गुंडाळा. नुसत्या टेपवर विसंबू नका, ओला झाला की तो सरकतो.

प्रश्न: पावसाळ्यात मुख्य शीड होडीतच घडी करून राहिले. बुरशीचे काळे ठिपके पडलेत, दोन ठिकाणी शिवण उसवली आहे. कापड फाटलेले नाही. घरी दुरुस्त होईल का?
— एक वाचक, मुरुड

उत्तर: होईल. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, हे उन्हाने होते. धागा कापडाच्या वर उघडा असतो म्हणून उन्हाचा मार आधी त्यालाच बसतो. अंगठ्याचे नख टाक्यांवरून जोराने ओढा. धागा तुटून भुकटी होत असेल तर उसवलेला भाग शिवून भागणार नाही, ती सबंध शिवण नव्याने घालावी लागेल. साध्या शिलाई मशीनवर झिगझॅग टाका असेल तर १६ किंवा १८ नंबरची सुई आणि उन्हाला टिकणारा जाड पॉलिएस्टर धागा लावा. सुती धागा नको, शर्टाचा धागाही नको. सरळ टाका घालू नका; शीड ताणले की तो तुटतो, झिगझॅग ताणासोबत थोडा उघडतो. कोपऱ्यांच्या जाड थरांतून मशीन जात नाही. तिथे मेण लावलेला दुहेरी धागा घ्या, तळहाताला चामड्याचे पाम (सुई ढकलायचा पट्टा) बांधा आणि जुन्याच भोकांतून हाताने शिवा. नवी भोके पाडली की कापड तिथे पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते.

कधी कापड फाटलेच तर ठिगळ त्याच वजनाच्या कापडाचे हवे. २६ फुटी होडीच्या मुख्य शिडाला साधारण २२० ते २६० ग्रॅम प्रतिचौरस मीटरचे डेक्रॉन (शिडाचे पॉलिएस्टर कापड) असते. ठिगळ फाटलेल्या जागेच्या चारही बाजूंना ५ सेंटीमीटर बाहेर जावे. कोपरे गोल कापा, विणीची दिशा जुळवा, आधी दुहेरी टेपने चिकटवा, मग कडेने शिवा.

बुरशीसाठी आधी शीड गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, कोरडा ब्रश फिरवा. डेक्रॉनवर घरगुती ब्लीच खूप पातळ करून वापरता येते, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने काढून टाका. नायलॉनच्या स्पिनेकरला (पुढच्या हलक्या, फुगणाऱ्या शिडाला) ब्लीच कधीही लावू नका, धागे कुजतात. काळे ठिपके पूर्ण जातीलच असे नाही, पण त्याने शिडाची ताकद घटत नाही. सुकवायचे ते सावलीत, आणि वाऱ्यात फडफडत टांगून नव्हे. पुढच्या पावसाळ्यात शीड घरी आणा, सैल गुंडाळून ठेवा.

प्रश्न: चेनप्लेटजवळ डेकमधून केबिनमध्ये पाणी झिरपते. वरून सिलिकॉन दोनदा भरले. थांबत नाही.
— एक वाचक, गोवा

उत्तर: वरून भरून थांबणार नाही. वारा पडला-वाढला की चेनप्लेट किंचित हलते आणि वरचा थर सुटतो. शिवाय सिलिकॉनवर नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही, म्हणून ते खरवडून सॉल्व्हंटने पूर्ण काढावे लागेल.

हॅलयार्डचा आधार देऊन एका वेळी एकच चेनप्लेट काढा. डेकच्या जाडीत जो भाग लपलेला असतो तिथे नीट पाहा. वर चमक, खाली चमक आणि मधल्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्ये तपकिरी खड्डे, असे अनेकदा निघते. सगळ्यात वरच्या बोल्टच्या भोकाच्या कडेला भेगही तपासा. खड्डे नखाला लागत असतील तर चेनप्लेट नवी करून घ्या: ३१६ एल, जाडी आणि भोके जुन्याप्रमाणेच.

मग डेककडे वळा. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असते आणि ते एव्हाना ओले असणार. वाकवलेली ॲलन की ड्रिलमध्ये लावून भोकाच्या कडेने १०-१२ मिमीपर्यंतचे कुजके लाकूड खरवडा. चार-पाच दिवस वाळू द्या. सिलिका मिसळून घट्ट केलेल्या एपॉक्सीने ती पोकळी भरा आणि नंतर त्यातूनच नवे भोक पाडा. आता पाणी आले तरी लाकडापर्यंत पोचत नाही. हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा, दमट हवेत एपॉक्सीवर चिकट थर येतो.

भोकाची वरची कड थोडी तासून खोलगट करा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड वापरा. कायमचे चिकटवणारे पॉलियुरेथेन नको, पुढच्या तपासणीला चेनप्लेट निघणारच नाही. ब्यूटिल वापरलेत तर पट्टी एकदम आवळू नका. तीन-चार दिवस रोज थोडे आवळत जा, म्हणजे टेप हळूहळू कडेला येते.

प्रश्न: दोर ओढायचा विंच मधेच उलटा फिरला आणि हँडलचा फटका मनगटाला बसला. ग्रीस तर नुकतेच भरले होते.
— एक वाचक, मुंबई

उत्तर: ग्रीसनेच झाले. आतल्या लहान खिट्ट्या, म्हणजे पॉल, स्प्रिंगने बाहेर उडून दातांत बसतात. त्यांना ग्रीस लागले की त्या आत चिकटून राहतात. पॉल आणि स्प्रिंगला फक्त हलक्या मशीन ऑइलचा थेंब द्या. ग्रीस गिअर आणि बेअरिंगला, तेही पातळ. सगळे भाग रॉकेलमध्ये धुवा, स्प्रिंग मऊ पडल्या असतील तर बदला. काम सुरू करण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला भोक पाडून ते विंचभोवती बसवा. स्प्रिंग उडाली तरी समुद्रात जाणार नाही.

प्रश्न: सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या होडीची डोलकाठी मोडली होती. आमच्या किनाऱ्यालगतच्या फेऱ्यांतही अशी वेळ आलीच तर कोणती हत्यारे जवळ असावीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: डोलकाठी पडली की आधी माणसे मोजा. दुसरा धोका होडीच्या अंगाला आहे: पाण्यात लोंबणारी डोलकाठी प्रत्येक लाटेबरोबर होडीवर आदळते आणि भोक पाडू शकते. समुद्र शांत असेल तर ती बांधून वाचवता येते. नसेल तर सोडून द्यावी लागते.

साधा बोल्ट कटर १×१९च्या तारेवर बहुधा हरतो, तार पात्यांत चेपून अडकते. ६ मिमीपर्यंत हाताने चालणारा हायड्रॉलिक कटर चांगला, पण महाग. त्याहून स्वस्त आणि भरवशाचा मार्ग पिन काढण्याचा. पक्कडीने स्प्लिट पिन ओढायची, मग मुख्य पिनपेक्षा थोडा बारीक सुंबा आणि एक किलोचा हातोडा. म्हणूनच वर त्या पिनचे पाय कमी वाकवा असे म्हटले. सोबत हॅक्सॉ आणि बारीक दातांची दहा पाती. दोर कापायला दातेरी सुरी. सगळे एका पिशवीत, प्रत्येक हत्याराला मनगटात अडकेल असा दोरीचा फास, आणि पिशवी सुकाणवाल्याच्या हाताला लागेल अशी बांधलेली. पाण्यातले सगळे दोर वर ओढून झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, पंख्यात एक दोर गुंतला की तेही गेले.

नांगरावर असताना एकदा हॅलयार्डचा आधार देऊन एका तारेची पिन याच हत्यारांनी काढून पाहा. किती वेळ लागतो आणि सुंबा त्या जागेत मावतो का, ते तेव्हाच कळते.